संत लुकाची दोन कोकरं

स्तानिमीरच्या हिशेबात चेक म्हणजे कर्ज नव्हतं. कर्ज म्हणजे बँकेचं. बायकोच्या, विदाच्या, ऑपरेशनसाठी काढलेले पाच लाख दिनार, ज्यांचा अकरा हजार दोनशेचा हप्ता दर पाच तारखेला जात होता आणि अजून चौदा महिने जाणार होता, ते कर्ज. चेक म्हणजे नुसता कागद. त्यावर पुढच्या महिन्याची तारीख घालायची, खाली सही ठोकायची, की दुकानदारही खूश आणि आपणही खूश. अर्धं चुप्रिया गाव हिवाळ्याची लाकडं असंच घेत होतं आणि उरलेलं अर्धं डुकराचं मांस.

तेव्हा सोमवारी त्यानं जिवादिन खाटकाला चार-चार हजारांचे चार चेक लिहून दिले, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे, आणि संत लुकाच्या दिवसासाठी दोन कोकरं सांगितली. घरात मात्र कोणाला पत्ता लागू दिला नाही. चेक म्हणजे कर्ज नव्हे, तर मग लपवायचं कशाला, हा प्रश्न त्याला कोणी विचारला नाही, आणि त्यानं स्वतःला तर मुळीच विचारला नाही.

सगळं सुरू झालं होतं रविवारी, स्वयंपाकघरात.

यास्ना, त्याची सून, शर्टांच्या कारखान्यात शिलाई करायची आणि घराचा खर्चही शिवणीसारखाच सांभाळायची, कुठे टाका सुटू द्यायची नाही. फळीवर कॉफीचे तीन डबे होते. पहिला बँकेचा, दुसरा महिन्याचा, आणि तिसऱ्यात दर महिन्याला दोन हजार पडायचे, मग घरात काहीही होवो. त्याला हात लावायचा नाही, एवढाच त्याचा नियम. सोळा महिन्यांत तो एकदाच उघडला होता, नातीच्या, दुन्याच्या, चष्म्यासाठी.

"संत लुकाला नऊ हजार," यास्ना म्हणाली. "त्यावर एक दिनार नाही. कार्प मासा, भट्टीतला घेवडा, अक्रोड भरलेल्या मिरच्या, लोणच्याचा कोबी. विधीचा पाव आणि शिजवलेला गहू तर आहेतच. वाइन बाबांची घरची."

"मासा?" स्तानिमीरनं विचारलं.

"मासा."

"आणि घेवडा."

"घेवडा. तुम्हाला आवडतो की."

स्तानिमीरनं मुलाकडे पाहिलं. लुबोमीर गावची बस चालवायचा, आणि घरातसुद्धा कुठल्याही बाजूला वळण्याआधी बराच वेळ नुसता दिवा लुकलुकत ठेवायचा. त्यानं पावाचा तुकडा तोंडात घातला आणि खिडकीबाहेर बघितलं.

"त्या तिसऱ्या डब्यात किती आहेत?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"एकोणतीस हजार."

"आणि डोक्यावर दीड लाख! अगं, ते एकोणतीस बँकेच्या तोंडावर मार. अडीच हप्ते सुटले. डोक्यावर कर्ज असताना कोणी डब्यात पैसे साठवतं का? रेल्वेत आमच्याकडे असं कोणी केलं असतं तर—"

"बाबा, पंप विसरलात?"

पंप कोणी विसरलं नव्हतं. तीन हिवाळ्यांपूर्वी, विदा असताना, घरातला उरलासुरला प्रत्येक दिनार बँकेत भरायचा असं स्तानिमीरनंच ठरवलं होतं. सहा महिने सगळे मोठ्या अभिमानानं भरत राहिले. मग जानेवारीत विहिरीचा पंप जळाला, हातात एक दमडी नाही, आणि एका तासात पैसे देणाऱ्या दुकानातून तीस हजार आणावे लागले. परत गेले बावन्न.

"वरचे बावीस हजार गेले ना, त्याच किमतीला मी तो डबा विकत घेतलाय," यास्ना म्हणाली. "तो असा रिकामा नाही करणार. हप्ता एकही चुकलेला नाही आणि चुकणारही नाही. पण दोन हजार बाजूला पडणार म्हणजे पडणार."

हे खरं होतं, म्हणून स्तानिमीरला जास्तच राग आला. डब्याचं एक वेळ सोडा. पण विदा गेल्यावरचा हा पहिला खरा स्लावा. घराण्याच्या संताचा दिवस, त्याच्या बापाचा, आजोबांचा, आणि मागचं वर्ष तर सुतकात, दिवे मंद ठेवून गेलेलं. चाळीस वर्षं विदानं या टेबलावर भाजलेलं कोकरू मांडलं, आणि आता तिच्याच टेबलावर घेवडा? लोक काय म्हणतील, म्हातारी गेली आणि घराची रया गेली. स्लावाला कोणी कोणाला आमंत्रण देत नाही. ज्याला आठवण असते तो येतो, आणि आला की काय वाढलंय ते बघूनच जातो.

त्यानं संध्याकाळी व्हिएन्नाला फोन लावला. ओलिवेरा, त्याची मुलगी, तिथल्या एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करायची, आणि घरी अधूनमधून शंभर युरो आणि नेमानं सल्ले पाठवायची.

"मासा?" ओलिवेरा किंचाळली. "आईच्या घरात, स्लावाला, मासा? बाबा, तुम्ही गप्प कसे बसलात?"

गप्प कसे बसलात, असं मुलीनं विचारल्यावर बाप काय करणार? दुसऱ्या दिवशी तो जिवादिनकडे गेला.

*

गुरुवारी दुपारच्या बसनं ओलिवेरा आली. बापाला मिठी मारून तिनं आधी चुलीकडे नजर टाकली. चुलीवर घेवडा शिजत होता.

"खरंच करतेय ही," ती हळूच म्हणाली.

"करू दे," स्तानिमीर त्याहून हळू म्हणाला. "मी बघितलंय काय ते. तू फक्त माझ्या बाजूनं राहा."

"मी कधी तुमच्या बाजूनं नव्हते?"

यावर त्याला दोन-तीन प्रसंग आठवले, पण ही वेळ नव्हती.

जिवादिनला त्यानं शुक्रवारी पहाटे यायला सांगितलं होतं. एकदा कोकरं सळईवर चढली की कोण काय बोलणार? पण गुरुवारी चारच्या सुमाराला, यास्ना कारखान्यातून येऊन नुकतीच पावाचं पीठ मळायला बसली असताना, खाटकाची गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली आणि जिवादिननं सगळ्या आळीला ऐकू जाईल असा हॉर्न वाजवला.

"स्तानिमीरकाका! उद्या पहाटे नाही जमत, म्हणून आजच आणली. कुठे टांगू?"

दोन्ही खांद्यांवर एकेक सोललेलं कोकरू घेऊन तो अंगणात उभा होता. ओलिवेरा पायरीवर आली. सोळा वर्षांची दुन्या चष्मा सावरत तिच्या मागे आली. कुंपणापलीकडून शेजारच्या रूझाकाकूंचं डोकं वर आलं. या बाईंना एखादी गोष्ट चारला कळली की साडेचारला ती मोराव्हा नदीच्या पुलापलीकडे पोचलेली असायची. आणि शेवटी कोपरापर्यंत पिठाचे हात घेऊन यास्ना बाहेर आली.

"हे काय?" तिनं विचारलं.

"कोकरं. काकांनी सांगितलेली," जिवादिन म्हणाला. "चेक पोचलेत, काळजी नको."

"चेक," यास्ना म्हणाली.

स्तानिमीरनं हे भाषण चार दिवस मनात घोटून ठेवलं होतं. अंगणात अक्रोडांची टोपली घेऊन बसलेला तो उठून उभा राहिला.

"हो, चेक. माझ्या पेन्शनचे. स्लावा माझा, घराणं माझं, दारात येणारा माणूस माझा. चाळीस वर्षांत या दारातून कोणी तोंड वाकडं करून गेलं नाही. ऋण काढून सण करतो म्हणशील, म्हण! पण विदाच्या टेबलावर मी घेवडा मांडू देणार नाही. तुला डबे भरायचेत ना? खुशाल भर. माझ्या मेलेल्या बायकोच्या ताटातलं काढून नको भरूस!"

शेवटचं वाक्य ठरवलेल्या भाषणात नव्हतं. ते आपसूक बाहेर पडलं, आणि पडल्यावर त्याला स्वतःलाच दचकायला झालं.

यास्नाचा चेहरा हातांवरच्या पिठासारखा झाला.

"बाबांचं चुकलं नाही काही," ओलिवेरा म्हणाली, पण तिचाही आवाज जरा खाली आला होता.

"पण आजोबा," दुन्या म्हणाली, "उद्या तर—"

"दुन्या," यास्नानं तिला मध्येच तोडलं, "आत जा. गहू उतू जाईल."

"पण आई, उद्या शु—"

"आत जा म्हटलं ना."

दुन्या गेली. यास्ना सासऱ्याकडे बघत राहिली. आधी तिच्या डोळ्यांत राग होता, चांगला लखलखीत, आणि स्तानिमीरला तो अपेक्षितच होता. मग तो राग कुठेतरी अडला. तिनं कोकरांकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली. कुलपाला चुकीची किल्ली लावत होतो असं एकदम ध्यानात आलेल्या माणसासारखी ती दिसत होती. कुंपणापलीकडे रूझाकाकू टाचा उंचावून उभ्या होत्या.

यास्नानं पदराला हात पुसावेत तसे एप्रनला हात पुसले आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "अहो, एवढं ओरडायला काय झालं बाबा? शनिवारसाठी आहेत म्हणून सांगायचं ना सरळ. दुसऱ्या दिवसाच्या पाहुण्यांसाठी. मला वाटलं, उद्याचीच आणली की काय! उद्या शुक्रवार, उद्या कोण खाणार आहे कोकरू?"

शुक्रवार.

शब्द स्तानिमीरच्या कानात शिरला आणि तिथेच बसला. शुक्रवार म्हणजे उपास, बुधवारसारखाच. मांस नाही, अंडं नाही, दूधदुभतं नाही. संताचा दिवस शुक्रवारी आला की टेबलावर मासा येतो, घेवडा येतो, अक्रोड भरलेल्या मिरच्या येतात, आणि हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याला नव्हतं. रेल्वेत सांधेवाला म्हणून त्यानं चौतीस वर्षं गाड्यांचे रूळ मिनिटामिनिटाला बदलले, पण वार बघायचं काम विदाचं. सप्टेंबर संपत आला की ती म्हणायची, "यंदा बुधवारी येतोय हो, मासा सांगून ठेवा." तो सांगून ठेवायचा. का, ते त्यानं कधी डोक्यात घेतलं नाही. विदानं घेतलं होतं ना.

उद्या अकरा वाजता पाद्रीबाबा पाव कापायला आले असते आणि अंगणात सळईवर दोन कोकरं फिरत असती. अख्खं गाव खिदळलं असतं. त्याच्या प्रेतयात्रेतसुद्धा कोणीतरी म्हणालं असतं, हाच तो, ज्यानं शुक्रवारी संत लुकाला मटण घातलं. तो अक्रोडांच्या टोपलीशेजारी मट्कन बसला.

"हो," तो कसाबसा म्हणाला. "शनिवारची."

ओलिवेरा बोटांवर वार मोजत बसली. व्हिएन्नात सगळे वार सारखेच.

"म्हणजे दोन दिवस करताय!" रूझाकाकू कुंपणावरून म्हणाल्या. "वा! असं हवं घर."

"फार नाही हो काकू, लुबोमीरचे डेपोतले चार जण," यास्ना म्हणाली, आणि तितक्याच सहज खाटकाकडे वळली. "पण जिवादिन, चौघांना दोन कोकरं होतात कशाला? बाबांचा हात मोठा, तुला माहीतच आहे. एक परत ने."

"कापलेलं कोकरू परत? यास्नाताई, असं कुठे असतं?"

"परवा शनिवार, बाजार. अकराच्या आत तुझ्याकडे खूरसुद्धा उरणार नाही."

"माझे हजार तुटतील."

"पाचशे तुटतील, आणि ते मी आत्ता रोख देते. जानेवारी आणि फेब्रुवारीचा चेक काढ इकडे."

जिवादिननं स्तानिमीरकडे पाहिलं. स्तानिमीर एक अक्रोड हातात घेऊन तो फार निरखून बघत होता. खाटकानं उसासा टाकला, पाकीट काढलं आणि दोन चेक मोजून दिले.

*

संध्याकाळी सगळे आपापल्या कामात होते. ओलिवेरा आत काचेचे ग्लास पुसत होती, आणि इतक्या वेळात तिनं एकही सल्ला दिला नव्हता. यास्ना परसातल्या छोट्या स्वयंपाकघरात वाळलेल्या मिरच्यांत अक्रोड भरत बसली होती. स्तानिमीर दोनदा दारापर्यंत आला आणि परत गेला. तिसऱ्यांदा आत आला आणि स्टुलावर बसला.

"उरलेल्या कोकराचं असं आहे," मान वर न करता यास्ना म्हणाली. "मागचे पाय शनिवारी डेपोवाल्यांना. बाकीचं फ्रीजरमध्ये. नोव्हेंबरच्या अठ्ठावीसला नाताळचा उपास लागतो, तोवर घरात मटण विकत आणायचं नाही. तुमचा नोव्हेंबरचा चेक तिथे निघतो. डिसेंबरचा मात्र तुमचा तुम्ही काढायचा. तंबाखूतून."

"काढतो."

"हप्त्याला धक्का नाही. डब्यालाही नाही. पाचशे गेले, ते महिन्याच्या डब्यातून गेले."

तो थोडा वेळ तिच्या बोटांकडे बघत राहिला. कारखान्यात दिवसभर शिवून ती बोटं टोकाला जाड झाली होती.

"तू तिथल्या तिथे का नाही बोललीस?" त्यानं विचारलं. "मी तुला नको नको ते बोललो. तू एक शब्द उच्चारला असतास तर माझं पार हसं झालं असतं. हक्कच होता तुझा."

"रूझाकाकूंच्या समोर? उद्या त्या पाद्रीबाबांच्या आधी पोचल्या असत्या सगळीकडे."

"तरी."

यास्नानं मिरची खाली ठेवली.

"चूक माझीही आहे. रविवारी मी शुक्रवारचं नावच काढलं नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. खरं तर मला कळायला हवं होतं. लग्न होऊन आले त्याच वर्षी आईंनी सांगितलं होतं, पोरी, या घरात बाकी काहीही विसर, पण वार विसरू नकोस. या माणसाला घड्याळ कळतं, वार कळत नाही."

स्तानिमीरला हसू आलं. विदा असंच बोलायची. अगदी असंच.

"पण एक सांगते बाबा," यास्ना म्हणाली. "चेकचं मला काही वाटलं नाही. त्या ताटाचं लागलं. शेवटचे तीन महिने मी आईंना घास भरवलाय. त्यांच्या ताटातलं मी काढेन?"

"नाही," तो म्हणाला. "चुकलं माझं. मी मूर्ख आहे, म्हातारा आहे, आणि चुकलं माझं."

"म्हातारे नाही आहात."

"मूर्ख आहे ना?"

"ते मी कुठे नाही म्हटलं?" ती म्हणाली, आणि मिरच्यांचं अर्धं ताट त्याच्याकडे सरकवलं. तो भरायला बसला. तिच्या एकामागे त्याची पाव मिरची व्हायची, पण ती काही बोलली नाही. या बाईनं आज आपल्याला वाचवलं, त्याच्या मनात आलं, आणि किती वर्षांपासून वाचवत आली असेल कोण जाणे. त्याला तिच्याबद्दल इतकं भरून आलं की पुढच्या चार मिरच्यांत त्यानं काय भरलं त्याचं त्यालाच कळलं नाही.

*

शुक्रवारी पाद्रीबाबांनी पाव कापला, त्यावर वाइन ओतली, मेणबत्ती लागली, आणि दुपारी बारापासून माणसं येऊ लागली. दारात शिजवलेल्या गव्हाचा चमचा तोंडात घालायचा, छातीवर क्रूस करायचा, "स्लावा सुखाचा होवो" म्हणायचं आणि बसायचं. तीन वाजेपर्यंत चौतीस जण झाले. दोन टेबलं जोडून झाली, तिसऱ्यासाठी दार बिजागरीतून काढून पिंपांवर ठेवावं लागलं. मासा कुरकुरीत उतरला होता. घेवड्याची दुसरी भट्टी लावावी लागली. ओलिवेरा बाह्या सरसावून ताटं धूत होती आणि मध्येच यास्नाला म्हणाली, "वहिनी, तू जरा बस, मी बघते," तेव्हा यास्नानं तिला ताप तर नाही ना, अशा नजरेनं पाहिलं.

स्तानिमीर उभा होता. घरचा यजमान स्लावाच्या दिवशी बसत नाही. पाहुणा टेबलावर आहे तोवर त्यानं उभं राहायचं, वाढायचं, ग्लास रिकामा दिसला की भरायचा. एकोणचाळीस वर्षं तो असाच उभा राहिला होता. यंदा गुडघे कुरकुरत होते, पण मन हलकं होतं. लोक घेवडा मागून मागून खात होते. विदाचं टेबल भरलेलं होतं.

मग वोयिन उठला. हा लुबोमीरच्या लग्नातला साक्षीदार, म्हणजे या लोकांच्या रिवाजानं रक्ताच्या नात्याहून जवळचा, आणि त्यामुळे जिभेला लगाम नसलेला.

"मंडळी," त्यानं ग्लास उचलला, "हा ग्लास स्तानिमीरकाकांना! उपासाच्या दिवशी हे असं टेबल, आणि उद्या पुन्हा कोकरू! रूझाकाकूंनी सगळं सांगितलंय. डोक्यावर बँक बसलीय, पण माणसानं हात आखडला नाही. याला म्हणतात यजमान!" टेबलावर होकार उठला. वोयिननं यास्नाकडे बघून डोळा मिचकावला. "नाहीतर आमच्या यास्नाबाई. त्यांच्या हाती असतं तर घेवडासुद्धा मोजून वाढला असता. चिक्कू ती चिक्कूच!"

सगळे हसले. वाईट मनानं कोणीच हसलं नाही. लुबोमीरसुद्धा सवयीनं हसायला निघाला, मग बायकोकडे बघून थांबला. यास्ना माशाची परात घेऊन उभी होती, तीही थोडी हसली. तिला ही थट्टा नवी नव्हती.

ती नवी नव्हती, आणि ती गावाला शिकवली होती स्तानिमीरनं. "आमची चिक्कू," असं तो बाजारात, बाकावर, केस कापताना, सगळीकडे म्हणत आला होता.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याला कळत होतं. गप्प राहिलं असतं तर ग्लास वर गेले असते, त्याच्या नावानं रिकामे झाले असते, आणि तो मरेपर्यंत गावातला मोठ्या हाताचा यजमान राहिला असता.

"वोयिन, ग्लास खाली ठेव," तो म्हणाला.

वोयिननं ठेवला.

"ती कोकरं शनिवारची नव्हती. मी आजसाठी सांगितली होती."

"आजसाठी म्हणजे?"

"आजसाठी म्हणजे आजसाठी. शुक्रवारसाठी. दोन. भाजून पाद्रीबाबांच्या ताटात घालणार होतो."

पाद्रीबाबांचा काटा हवेतच राहिला. रूझाकाकूंनी घाईघाईनं क्रूस केला. कुठूनतरी एक फिस्स आवाज आला, आणि मग सगळं टेबल जे फुटलं ते कितीतरी वेळ आवरेना. पाद्रीबाबा डोळे पुसत होते. स्तानिमीर सगळ्यांचं हसून होईपर्यंत थांबला. त्यालाही हसू येत होतं, पण त्याला पुढचं बोलायचं होतं.

"हसून झालं? आता ऐका. घरात न विचारता मी चार चेक फाडले. हिच्या हातचा घेवडा मला कंजुषी वाटली. वार कोणता ते तिला माहीत होतं, मला नाही. मी भर अंगणात हिला असं बोललो की ते मी इथे पुन्हा बोलणार नाही. आणि हिनं? हिनं तिथल्या तिथे माझी लाज झाकली. एक कोकरू परत लावलं, दोन चेक परत घेतले, आणि हप्ताही वाचवला. हे सगळं पिठाच्या हातांनी."

आतल्या दारात ओलिवेरा ओलं ताट छातीशी धरून उभी होती. दुन्यानं चष्मा काढून हातात घेतला होता.

"विदाच्या ऑपरेशनचं कर्ज आम्ही सगळे मिळून फेडतोय," स्तानिमीर म्हणाला. "पण ते फेडता फेडता हे घर दुसऱ्या कर्जात पडलं नाही ते एकट्या हिच्यामुळे. मी दोन वर्षं हिला गावभर चिक्कू म्हणत फिरलो. आजपासून ज्याला तसं म्हणायचं असेल त्यानं आधी मला म्हणावं, शुक्रवारचा खाटीक. यास्ना, पोरी, मी तुझा ऋणी आहे, आणि हे ऋण काही चौदा महिन्यांत फिटायचं नाही. देव तुझं भलं करो. आता उचला."

ग्लास उचलले गेले. पाद्रीबाबा उठून उभे राहिले, मग बाकीचेही उठले. लुबोमीरनं या वेळी कुठलाही दिवा न लुकलुकवता सरळ जाऊन बायकोच्या हातातली परात घेतली आणि तिच्या शेजारी उभा राहिला. यास्नानं एप्रननं डोळे टिपले आणि, "मासा गार होतोय," एवढंच म्हणाली.

लोक पुन्हा खायला बसले, वोयिननं येऊन यास्नाचा हात हातात घेतला आणि काहीतरी पुटपुटला. स्तानिमीर वाइनची सुरई घेऊन टेबलाच्या टोकाला होता तिथेच उभा होता. पाय आता खरंच दुखत होते.

"यास्ना," तो हळू आवाजात म्हणाला, "जरा बसू का?"

जवळच्या दोघा-तिघांनी मान वळवली. यजमान असं कोणाला विचारत नाही. यास्ना पुढे आली आणि तिनं त्याच्या हातातली सुरई घेतली.

"बसा बाबा," ती म्हणाली. "मी आहे ना उभी."